तिसऱ्या सिलिंडरचा वाल

भाऊ जबलपूरहून परत आला तेव्हा कसलीही सुट्टी नव्हती. त्याचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर होतं. आई अंगणात गव्हाला ऊन दाखवत बसली होती, मी तिच्याजवळ खडे वेचत होते, आणि फाटक उघडून तो आत आला. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी, दाढी वाढलेली. आई उठली, पदराला हात पुसत म्हणाली, "अरे, न कळवता असा कसा आला तू? परीक्षा झाली का?" भाऊ "नाही" म्हणाला, त्यानं चपला काढल्या, मागच्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आम्हाला वाटलं, प्रवासानं थकला असेल. आईनं घाईघाईनं त्याच्या आवडीची शेवभाजी केली. संध्याकाळी बापू शाळेतून आले, त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली, "मुकुंदा." उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. आणि मग आमच्या घराला हळूहळू त्या उत्तर न येण्याची सवय होत गेली.

आमचं घर शहरातल्या राजपुरा मोहल्ल्यात होतं. पुढं दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, त्याला लागून भाऊची खोली आणि बाजूला बरंच मोकळं अंगण. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांकडे पॉवरलूम होते. सकाळी लाइट आली की खटखट सुरू व्हायची ती लाइट जाईपर्यंत. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नसे. लाइट गेली की मात्र सगळे दचकून वर बघायचे. बापू शाळेत गणित शिकवायचे, घरीही कमी बोलायचे. बोलणं सगळं आईचं आणि भाऊचं. दोघं स्वयंपाकघरात बसून एकमेकांना चिडवायचे. आई माहेरची रावेरकडची, तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द यायचे, आणि भाऊ तिची हुबेहूब नक्कल करायचा. आता ती भाकरी थापताना एकटीच बोलायची आणि मध्येच थांबायची. दारातून खोलीत बघायची, परत तव्याकडे वळायची. एखादी भाकरी करपायची. करपलेली ती स्वतःच्या ताटात घ्यायची.

बापूंनी त्याला इंदूरला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी तो जास्त झोपायचा आणि उठला की त्याचे हात थरथरायचे. आज माझी नात मानसशास्त्र शिकते. तिला मी हे सांगितलं तेव्हा तिनं त्या आजाराचं नाव मला सहज सांगून टाकलं, एखाद्या भाजीचं सांगावं तसं. तेव्हा आमच्याकडे ते नाव नव्हतं. शेजारच्या बायका "नजर लागली" म्हणायच्या, मामा "अभ्यासानं डोकं तापलं" म्हणायचे, बापू काहीच म्हणत नसत. मी तेव्हा बीएच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेजातून घरी येताना गल्लीच्या तोंडाशी माझी पावलं आपोआप मंद व्हायची.

अंगणात मामांची गाडी उभी होती. मामा रावेरचे केळीचे व्यापारी. एकदा खंडव्याहून येताना त्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. ती कशीबशी आमच्याकडे ओढून आणली, आणि "बघू पुढं" म्हणून त्यांनी दुसरी घेतली. तेव्हापासून ती काळी गाडी कडुनिंबाखाली पडून होती. आई तिच्या टपावर पापड वाळवायची. टायरांतली हवा कधीच गेली होती. मागच्या सीटवर मांजरी व्यायल्या होत्या.

माघातली एक दुपार होती. मी कॉलेजातून आले आणि बघते तर भाऊ गाडीसमोर उभा. बॉनेट उघडं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती, मला हातानं खूण करून "बोलू नको" म्हणत होती. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग बापूंच्या पेटीतून पाना आणून त्यानं पहिला नट सोडला.

त्या नटानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मी आशाच म्हणेन, दुसरा शब्द नाही. रोज सकाळी चहा घेऊन तो अंगणात जायचा. एकेक भाग सुटून गोणपाटावर यायचा. त्याचे हात थरथरायचे, नट निसटून पडायचे. मी एक दिवस जाऊन बसले आणि पडलेले नट उचलून द्यायला लागले. त्यानं हटकलं नाही. मग तो मला एकेक शब्द बोलू लागला. "रॉकेल." "ब्रश." "धर." दोन आठवड्यांत "असं नाही, तिरपं धर" इथपर्यंत मजल गेली. मी कॉलेज बुडवू लागले तरी बापूंनी विचारलं नाही. माझ्या नखांत काळं तेल बसलं, आई म्हणायची, "हिला आता कोण करून घेणार?" पण म्हणताना हसायची. ते हसू मी कित्येक महिन्यांनी पाहत होते.

इंजिन पूर्ण उकलून पुन्हा बांधायचं होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं बापूंनी खंडव्याहून आणली, रविवार घालवून, पिशवीत भाजीसारखी. इंजिनात चार सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरवर दोन झडपा असतात. एक पेट्रोलची वाफ आत घेते, दुसरी जळलेला धूर बाहेर टाकते. पुस्तकात त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, गॅरेजात वाल. आई म्हणाली, "वाल म्हणजे आमच्याकडे भाजी. ती तेवढी शिजवता येते मला." वालाची दांडी ज्या नळीतून वर-खाली सरकते तिला गाईड म्हणतात. जुने गाईड झिजले होते आणि नवे लोखंडी कुठं मिळेनात. तेव्हा सिंधीपुऱ्यातल्या लेथवाल्या युसूफभाईंनी पितळेचे कातून दिले आणि डोक्यात, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, ठोकून बसवून दिले. युसूफभाई मन लावून काम करणारे होते. पैशाची बात निघाली की "पहले गाडी चलने दो" म्हणायचे.

चैत्रात एका सकाळी इंजिन सुरू झालं. बॅटरी शेजाऱ्यांची आणली होती, टायरांत नव्या ट्यूबा घातल्या होत्या. बापूंनी हँडल मारलं, पहिल्यांदा नुसता धूर, दुसऱ्यांदा एक ठोका, आणि मग एकदम सगळं अंगण भरून गेलं. लूमवाले कामगार भिंतीवरून डोकावले. आई रडायला लागली. बापूंनी भाऊच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढायला विसरले. आईनं मला मिठाईवाल्याकडून दराबा आणायला पाठवलं आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटायला लावला, लग्न ठरल्यासारखा. भाऊ गाडीत बसला होता, एक हात स्टिअरिंगवर, मान थोडी कलती. हसत नव्हता, पण त्याचं कपाळ मोकळं दिसत होतं.

त्याच दुपारी आम्ही दोघं नदीपर्यंत जाऊन आलो. जाताना गाडी लोण्यासारखी चालली. घाटावर दहा मिनिटं थांबून निघालो, शहराच्या चढाला लागलो, आणि बॉनेटखालून टकटक ऐकू येऊ लागली. मग गाडी हिसके द्यायला लागली. लंगडत, धडपडत आम्ही घरी आलो. अंगणात उभी केली तर इंजिन थरथरत होतं, सायलेन्सरमधून फटफट निघत होती. भाऊनं चावी फिरवली. आईला म्हणाला, "एक सिलिंडर मिस करतोय, पेटत नाही." ती म्हणाली, "बरं," आणि देव्हाऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केली तर काही नाही. अगदी गोड आवाज. युसूफभाईंना बोलावलं, त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "मास्टरजी, इसमें क्या खराबी है? मख्खन है." आम्ही पुन्हा फेरी मारली आणि पुन्हा तसंच झालं. मग ते म्हणाले टायमिंग. टायमिंग बदललं. बापू म्हणाले प्लग. प्लग नवे घातले. मामा रावेरहून आले होते, ते म्हणाले कार्बोरेटरमध्ये कचरा. कार्बोरेटर धुतला. रोज गार असताना गाडी निर्दोष आणि तापली की लंगडी. बापू चिडायला लागले. त्यांना वाटायचं, हे लवकर संपावं म्हणजे मुकुंदाला जबलपूरला परत पाठवता येईल. जेवताना त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, "पुढच्या टर्मला जाईल तो. बघ, आता किती नीट आहे." भाऊ भात कालवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

पण तो नीट होता, हे खरं. त्या पंधरा-वीस दिवसांसारखा मी त्याला नंतर कधी पाहिला नाही. गोळ्यांची झोप त्याला धरत नसे. मला शोधत स्वयंपाकघरात यायचा, "नलू, चल," म्हणायचा. आम्ही खंडवा रस्त्यानं केळीच्या ट्रकांमागून जायचो आणि तो डोळे बारीक करून ऐकायचा. एकदा म्हणाला, "सगळे गार इंजिनाला विचारतायत. गार इंजिन खरं सांगणार नाही. गरम असतानाच उघडलं पाहिजे."

तसं आम्ही केलं. चांगली दमवून गाडी अंगणात आणली आणि भाऊनं इंजिन चालू ठेवूनच एकेका प्लगची वायर कोरड्या लाकडाच्या चिमट्यानं ओढून काढली. पहिली काढली तर आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. दुसरी काढली, पडला. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. "हा," भाऊ म्हणाला. इंजिन बंद करून त्यानं तिसऱ्याचा प्लग फडक्यात धरून काढला आणि त्या भोकावर अंगठा ठेवला. मला म्हणाला, "हँडल फिरव." मी सगळ्या अंगाचा जोर लावून फिरवलं. "आता हाताला हवा लागायला पाहिजे होती. इतकी की अंगठा उडेल. लागत नाही." मग त्यानं माझा अंगठा तिथं ठेवला आणि स्वतः हँडल मारलं. माझं बोट भाजलं, पण हवा आली नाही. चौथ्यावर ठेवला तर फट्टकन उडाला, मी किंचाळले. आई धावत बाहेर आली, आणि आम्हा दोघांना हसताना पाहून तशीच परत गेली.

वरचं झाकण उघडलं. आत वालांना दाबणाऱ्या लोखंडी हातांची रांग होती, रॉकर म्हणतात त्यांना. त्यातला एक हात सैल लटकत होता. त्याच्याखालचा वाल अर्धवट खाली अडकून राहिला होता. स्प्रिंग त्याला वर ओढत होती आणि तो येत नव्हता. म्हणजे धुराचं दार कायम उघडं. भाऊनं तेलात रॉकेल मिसळून दांडीवर दोन थेंब सोडले आणि हातोड्याच्या दांड्यानं हलकेच टिचकी मारली. टक् असा आवाज झाला आणि वाल वर आला.

तेव्हा तो माझ्याकडे वळून बोलला. जबलपूरहून आल्यापासून त्यानं इतकं लांब बोलणं पहिल्यांदा केलं असेल. "हे बघ नलू, पितळ तापलं की लोखंडापेक्षा जास्त फुगतं. बाहेरून डोक्याचं लोखंड आहे, ते त्याला बाहेर फुगू देत नाही. मग ते आतल्या अंगाला फुगतं आणि दांडी आवळून धरतं. युसूफभाईंनी दांडीभोवती फट ठेवली, पण लोखंडी गाईडला लागते तेवढीच ठेवली. मधले सिलिंडर जास्त तापतात, त्यात धुराचा वाल सगळ्यात जास्त. म्हणून हा पहिला अडकला. असंच चालवत राहिलो असतो तर बाकीचेही अडकले असते. गार झालं की पितळ सोडून देतं. सकाळी आपल्याला काहीच दिसत नाही ते त्यामुळे." मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मला फक्त त्याचा आवाज ऐकायचा होता. तो आवाज खरखरीत झाला होता, न वापरल्यानं.

युसूफभाईंना सांगितलं तेव्हा ते डोक्यावर हात मारून बसले. "मैंने तो लोहे का हिसाब लगाया." भाऊ त्यांना म्हणाला, "लोखंडी मिळाले असते तर तुमचा हिसाब बरोबरच होता." मग दोघं मिळून कामाला लागले. डोकं उतरवलं, सगळे वाल काढले. युसूफभाईंनी गाईडची भोकं रीमरनं केसभर मोठी केली, भाऊनं वालांच्या दांड्या बारीक पॉलिश कागदानं घासून आरशासारख्या केल्या. मी त्या पुसून ओळीनं मांडायची, जो ज्या जागेचा तो त्याच जागी. प्रत्येक दांडी गाईडमध्ये घालून भाऊ बोटानं सोडायचा. ती आपल्या वजनानं सावकाश खाली यायला हवी होती. एखादी अडली की पुन्हा घासायची. आई मध्येच कळण्याची भाकरी आणि ठेचा अंगणातच आणून द्यायची. युसूफभाई आणि भाऊ गोणपाटावर बसून जेवायचे. भाऊ दुसरी भाकरी मागून घ्यायचा. आई आत येऊन मला सांगायची, "दुसरी घेतली त्यानं," जणू मी तिथं नव्हतेच.

शेवटचा नट आवळला त्या दिवशी भाऊनं पाना लगेच खाली ठेवला नाही. हातात धरून बसून राहिला. मी म्हटलं, "चल, सुरू करू." तो म्हणाला, "करू." पण उठायला त्याला वेळ लागला. मला वाटलं, दमला असेल.

गाडीची परीक्षा असीरगडच्या चढावर घ्यायची ठरली. आईनं दशम्या, चटणी, लोणचं, पाण्याची सुरई असं सगळं बांधून घेतलं. बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला. उन्हं चढायच्या आत निघालो. गावाबाहेर पडलो तशी दोन्ही बाजूंनी केळीचे मळे लागले, मग ते मागं पडले आणि डोंगर सुरू झाला. किल्ला वर दिसायला लागला तसा बापूंनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. भाऊनं दुसरा गिअर टाकला. एक ट्रक पुढं रखडत होता, त्याच्या धुरात आम्ही वर चढत राहिलो. इंजिन तापलं होतं, पायांना ते जाणवत होतं. मी टकटकीची वाट बघत होते. आली नाही. वळणामागून वळण घेत गाडी वर गेली, पायथ्याच्या गावाशी थांबली, आणि इंजिन चालूच होतं, एकसारखं, शांत.

"वा रे मुकुंदा!" बापू म्हणाले. इतक्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना वर्गातही ऐकलं नसेल. ते गाडीतून उतरले, बॉनेटवर थाप मारली. "आता बघू कॉलेजात कोण अडवतं तुला! सोमवारी मी स्वतः येतो तुझ्याबरोबर जबलपूरला. प्रिन्सिपॉलना भेटू." आई दशम्यांचं फडकं सोडत होती. भाऊ स्टिअरिंगशी बसून होता. थोडा वेळ त्यानं आवाज ऐकला, मग चावी फिरवून इंजिन बंद केलं. "झालं," तो म्हणाला.

बापूंना ते ऐकू आलं की नाही माहीत नाही. मला आलं. त्या शब्दात आनंद नव्हता. दिवसभर चाललेलं एखादं काम संपल्यावर माणूस बाहेर बघतो आणि त्याला कळतं की आता पुढं काहीच नाही, तसं तो रस्त्याकडे बघत होता. आईनं दशमी पुढं केली. त्यानं घेतली आणि हातातच धरली. तशीच धरून तो आम्हाला घरी घेऊन आला, एका हातानं गाडी चालवत. अंगणात लावली, हात धुतले, मागच्या खोलीत गेला आणि झोपला.

सोमवार आला आणि गेला. बापू त्याच्या खाटेशी बसून बोलले, समजावलं, एकदा ओरडले, एकदा रडले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच. भाऊ ऐकत होता की नव्हता कळत नव्हतं. गोळ्या वाढवल्या, इंदूरच्या फेऱ्या झाल्या. मी रोज सकाळी जाऊन म्हणायची, "भाऊ, चल, गाडी बघू." तो म्हणायचा, "ठीक आहे ती." काही दिवसांनी तेही म्हणेनासा झाला.

एक दिवस मी ताक घुसळत होते. आई माझ्याजवळ येऊन बसली, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नलू, तुला येतं ना आता त्या गाडीचं थोडंफार?"

"थोडंफार येतं. का?"

"मग काही बिघडवून दे ना तिच्यात."

मी रवी थांबवली. तिचा चेहरा अगदी साधा होता, मीठ आणायला सांगावं तसा. "मोठं नको," ती म्हणाली. "त्याला शोधावं लागेल एवढंच. शोधत होता तेव्हा जेवत तरी होता गं तो."

मी गेले. बॉनेट उघडून बराच वेळ बघत उभी राहिले. वालांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. शेवटी दोन प्लगांच्या वायरींची अदलाबदल केली. मग बापूंना सांगून गाडी सुरू करवली. इंजिन अडखळायला लागलं, फटाके फुटल्यासारखे आवाज आले. बापू मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "अरे, हिला पुन्हा काय झालं?" आई चौकटीला धरून उभी. मी खोलीत गेले. "भाऊ, गाडी पुन्हा बिघडली. बघतो का?"

तो उठला. मी त्याच्यामागून अंगणात आले. त्यानं बॉनेट वर केलं, एक नजर टाकली आणि दोन्ही वायरी काढून आपापल्या जागी लावल्या. बॉनेट बंद केलं. सुरू करूनही पाहिली नाही. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. रागावला नव्हता. "वायरी आपोआप जागा बदलत नाहीत, नलू," तो म्हणाला. मग आईजवळून आत जाताना थांबला, तिच्या खांद्याला नुसता हात लावला आणि म्हणाला, "असं नका करू तुम्ही." आई त्या दिवशी जेवली नाही. आम्ही पुन्हा कधी काही बिघडवलं नाही.

पावसाळ्याआधी मामा आले. गाडी त्यांचीच होती, ती चालू झाल्याचं त्यांना कळलं होतं, आणि त्यांच्या मुलाला हवी होती. पहिल्याच हँडलला इंजिन लागलं. मामांनी कान दिला, ऑइलची काडी काढून पाहिली, पुन्हा कान दिला. "दाजी, एवढं सुरेख काम खंडव्यात होत नाही. माझ्या तीन ट्रकांचं काम पडलंय. त्याला पाठवा माझ्याकडे. राहील माझ्याजवळ, पोरांसारखा राहील." बापू, ज्यांना आपला मुलगा इंजिनिअर व्हायला हवा होता, हात जोडून म्हणाले, "तुम्हीच विचारा त्याला. तुमचं ऐकलं तर बघा." मामा खोलीत गेले. आतून त्यांचा आवाज येत राहिला, थट्टा, मग समजूत, मग नुसतं "बरं बरं." बाहेर आले तेव्हा त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि गाडीत बसले.

आईनं मामांच्या हातावर दही ठेवलं. गाडी फाटकातून बाहेर पडली. बापू गल्लीच्या तोंडापर्यंत तिच्यामागं चालत गेले. मी आत आले. मला वाटलं होतं भाऊ झोपलेला असेल. तो खाटेच्या कडेला बसला होता, पाय जमिनीवर, मान एका बाजूला कललेली. गाडी गल्लीतून वळली, मोठ्या रस्त्याला लागली, तिसरा गिअर पडला, आणि आवाज बारीक होत गेला. मला तो ऐकू यायचा थांबला तरी भाऊ ऐकतच होता.

"चारही चालतायत," तो म्हणाला.

"हो, भाऊ," मी म्हटलं.

त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, आई आणि बापूंच्या मागं माझ्याकडे राहिला. माझ्या अंगणात गाड्या आल्या, गेल्या, माझ्या मुलांनी त्याला कितीदा चाव्या पुढं केल्या. त्यानं एकाही गाडीचं बॉनेट कधी उघडलं नाही.